पाऊल आणि पायरी

कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेक कलासंग्रहालयात प्राचीन मिसर देशातील एक शिलापट आहे. त्याचे वय सुमारे ३,४०० वर्षे. पटावर कोरलेल्या पुरुषाचे नाव रोमा. त्याचा एक पाय काडीसारखा वाळलेला आहे. टाच जमिनीला टेकत नाही, भार बोटांवर आहे, आणि आधाराला एक लांब काठी आहे. हा पाय पोलिओने गेलेला असावा, असे अनेक वैद्यांचे मत आहे. काहींनी जन्मजात व्यंगाचाही तर्क केला आहे. दगडावरून रोगनिदान करण्याला मर्यादा असावयाच्याच. पण इतिहासाच्या अभ्यासकाने पाहावे असे या पटावर आणखीही काही आहे. रोमा देवतेसमोर नैवेद्य घेऊन उभा आहे. त्याच्यासोबत पत्नी व मुलगा आहेत. आणि पटावरील लेखात त्याचा हुद्दा दिला आहे, द्वारपाल. म्हणजे या माणसाला संसार होता, काम होते, देवासमोर उभे राहण्याचा मान होता. आणि आपली प्रतिमा वाळलेल्या पायासकट कोरून घेण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता.

पाय अधू झालेल्या माणसाची समाजातील जागा कोणती, या प्रश्नाला मिळालेले हे फार जुने उत्तर म्हणावयास हरकत नाही. पुढे हे उत्तर हरवले. विसाव्या शतकात ते पुन्हा मिळवण्यासाठी पोलिओतून वाचलेल्या माणसांना जी झुंज द्यावी लागली, तिची हकीकत येथे सांगावयाची आहे.

पोलिओचा जो इतिहास आपण वाचतो तो बहुधा विषाणूचा आणि लसीचा असतो. १८४० मध्ये याकोब हाइने या जर्मन अस्थिवैद्याने या रोगाचे व्यवस्थित वर्णन केले. १९०८ मध्ये व्हिएन्नात लान्डस्टायनर व पॉपर यांनी त्याचे मूळ विषाणूत असल्याचे दाखवले. १२ एप्रिल १९५५ रोजी सॉल्कची लस यशस्वी ठरल्याची घोषणा झाली आणि त्यामागून सेबिनची तोंडाने द्यावयाची लस आली. ही विजयगाथा खरी आहे आणि ती अभिमानाने सांगावी अशीच आहे. मात्र रोगातून जे वाचले पण पूर्ववत झाले नाहीत, त्यांना या गाथेत एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. लस आली तेव्हा ते जिवंत होते. लस येऊन गेल्यावरही पन्नास-साठ वर्षे ते जगावयाचे होते. त्या वर्षांचे काय?

या रोगाचा एक विशेष येथे ध्यानात घ्यावयास हवा. विषाणूची लागण झालेल्या सुमारे दोनशे जणांपैकी एखाद्यालाच कायमचा लुळेपणा येतो. तो बहुतेक बालवयात येतो. मज्जारज्जूतील ज्या पेशी स्नायूंना हलवतात त्यांवर विषाणू घाला घालतो. पण स्पर्श, वेदना, बुद्धी, वाणी ही बहुधा शाबूत राहतात. म्हणजे पोलिओने पांगळे झालेले मूल सर्व जाणते, सर्व इच्छिते, इतर मुले अंगणात खेळताना त्यांचे प्रत्येक पाऊल मोजते. समाजात वावरण्याची त्याची भूक तिळभरही कमी झालेली नसते. कमी झालेली असते ती फक्त तेथवर पोचण्याची साधने.

या भुकेला पहिला मोठा प्रतिसाद मिळाला तो अमेरिकेत, आणि तोही एका श्रीमंत रुग्णामुळे. १९२१ च्या ऑगस्टमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट हे ३९ वर्षांचे होतकरू राजकारणी तापाने आजारी पडले व त्यांचे दोन्ही पाय गेले. १९२४ मध्ये ते जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज या उन्हाळ्यांच्या गावी गेले. तेथील ऊन पाण्यात शरीर हलके होते व दुबळे पाय हलवता येतात, असा अनुभव आल्यावर त्यांनी १९२६ मध्ये आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा घालून ती जागाच विकत घेतली. या पाण्याने कोणाचे मेलेले स्नायू जिवंत केले नाहीत. पण तेथे आलेल्यांना मिळाले ते निराळेच. चाकाच्या खुर्च्या जेथे सहज फिरतील अशा वाटा, एकत्र जेवणाची टेबले, पत्त्यांचे डाव, नाटके, प्रेमप्रकरणे. घरी ज्यांना पाहुणे आले की आतल्या खोलीत नेले जाई, ती माणसे येथे चारचौघांत बसत. सर्वच पांगळे असल्यामुळे पांगळेपणाची वार्ताच उरली नव्हती.

या नंदनवनाला कुंपण होते, हेही सांगितले पाहिजे. काळ्या वर्णाच्या रुग्णांना तेथे उपचारासाठी प्रवेश नव्हता; त्यांच्यासाठी १९४१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे वेगळे केंद्र निघाले. आणि कुंपणाबाहेर पडताच खुद्द रूझवेल्टना आपला पाय लपवावा लागे. बारा वर्षे ते राष्ट्राध्यक्ष होते. पण चाकाच्या खुर्चीतील त्यांची छायाचित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. पायांना लावलेल्या पोलादी पट्ट्या काळ्या रंगवलेल्या असत, म्हणजे त्या काळ्या विजारीखाली दिसू नयेत. एका हाताने मुलाचा दंड आणि दुसऱ्या हाताने काठी धरून, कमरेला हिसके देत, ते चालण्याचा आभास निर्माण करीत. १ मार्च १९४५ रोजी याल्टाहून परतल्यावर त्यांनी अमेरिकी संसदेपुढे प्रथमच बसून भाषण केले आणि पायांवरील पोलादाच्या वजनाचा उल्लेख करून त्याबद्दल क्षमा मागितली. पुढच्याच महिन्यात ते वारले. ज्या माणसाने अर्ध्या जगाचे युद्ध चालवले त्याला खुर्चीत बसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली, यावरून समाजाने घातलेली अट किती कडक होती हे समजते. तुम्ही आमच्यात या, पण आमच्यासारखे दिसून या, ही ती अट.

ही अट सर्वांनाच पाळता येणे शक्य नव्हते. रूझवेल्ट सत्तेवर असतानाच न्यूयॉर्कमध्ये एक घटना घडली, जिचा उल्लेख फारसा कोणी करीत नाही. महामंदीच्या काळात सरकारने बेकारांना कामे द्यावयास सुरुवात केली होती. पण अपंग अर्जदारांच्या कागदांवर 'शारीरिक अपंग' या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे पडत आणि त्यांना कामाऐवजी मदतीची वाट दाखवली जाई. २९ मे १९३५ रोजी सहा तरुण-तरुणी मदत विभागाच्या कचेरीत गेले, संचालकांची भेट मागितली, आणि ती नाकारली जाताच तेथेच बसून राहिले. या सहा जणांभोवती लवकरच एक संघटना उभी राहिली. तिच्यात पोलिओ झालेल्यांचा भरणा मोठा होता. त्यांचे म्हणणे साधे होते. आम्हांला भीक नको, काम द्या. या चळवळीतून न्यूयॉर्कमध्ये शेकडो अपंगांना सरकारी योजनांत कामे मिळाली. संघटना काही वर्षांत मोडली, पण तिने एक नवी गोष्ट करून ठेवली होती. अपंगपण हे नशिबाचे देणे नसून काही अंशी कचेरीतल्या शिक्क्याचे देणे आहे, हे तिने उघड केले. आणि हे करणारांनी आपल्या कुबड्या लपवल्या नव्हत्या.

यानंतरचा टप्पा समजण्यासाठी एका यंत्राची ओळख करून घ्यावी लागते. पोलिओ छातीच्या स्नायूंवर उतरला की श्वास थांबतो. १९२८ मध्ये बोस्टन येथे ड्रिंकर व शॉ यांनी अशा रुग्णासाठी एक लोखंडी नळकांडे तयार केले. मानेपासून खालचे सर्व शरीर त्यात बंद, डोके तेवढे बाहेर; नळकांड्यातील हवेचा दाब कमी-जास्त करून छाती फुगवावयाची व दाबावयाची. लोक त्याला लोखंडी फुफ्फुस म्हणू लागले. १९५२ मध्ये अमेरिकेत सुमारे ५८,००० जणांना पोलिओ झाला, तेव्हा रुग्णालयांच्या दालनांतून या नळकांड्यांच्या रांगा लागल्या होत्या. त्यांतील बरेच जण काही आठवड्यांत बाहेर आले; पण काही कायमचे यंत्राला जखडले गेले. त्यांनी उरलेले आयुष्य कसे काढावे याचा विचार कोणी केला नव्हता. त्यांना वाचवणे हाच एवढा मोठा पराक्रम होता की पुढचा प्रश्न विचारणे कृतघ्नपणाचे वाटे.

तो प्रश्न विचारला तो क्लीव्हलंड येथील जिनी लॉरी या बाईंनी. त्यांच्या जन्मापूर्वी, १९१२ च्या साथीत, त्यांच्या दोन बहिणी पोलिओने गेल्या होत्या आणि एक भाऊ पांगळा झाला होता. गेलेल्या बहिणींचीच नावे त्यांना ठेवली होती. श्वसनयंत्रावरील रुग्णांच्या टूमी दालनात त्या स्वयंसेविका म्हणून जात. रुग्ण घरोघर पांगल्यावर त्यांचा परस्परांशी संबंध राहावा म्हणून १९५८ मध्ये तेथून एक लहानसे पत्रक निघू लागले. पुढे जिनीबाईंनी ते हाती घेऊन त्याचे मासिकासारखे रूप केले. त्यात काय असे? तोंडात काडी धरून टंकलेखन कसे करावे, मदतनीस कसा नेमावा, खुर्चीवरून प्रवास कसा करावा, घरबसल्या कोणती नोकरी मिळते, लग्न केलेल्यांचे अनुभव काय. वैद्यांनी रुग्णांना सांगितलेले असे त्यात थोडे. एका अपंगाने दुसऱ्याला सांगितलेले असे पुष्कळ. अंथरुणाला खिळलेली माणसे टपालाच्या पाकिटातून एकमेकांच्या घरी जाऊ लागली. समाजातील सहभाग म्हणजे पायांनी केलेली ये-जाच असावी लागते, असे थोडेच आहे!

याच पिढीतला एक मुलगा म्हणजे एड रॉबर्ट्स. १९५३ मध्ये चौदाव्या वर्षी त्याला पोलिओ झाला आणि मानेखालचे जवळजवळ सर्व शरीर निकामी झाले. रात्र लोखंडी फुफ्फुसात काढावी लागे. शाळेचे शेवटचे प्रमाणपत्र देण्याची वेळ आली तेव्हा शाळेने हरकत घेतली, कारण त्याने कवायत आणि मोटार चालवण्याचे शिक्षण हे दोन विषय पूर्ण केले नव्हते! आईने भांडून ते प्रमाणपत्र मिळवले. १९६२ मध्ये तो बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला. त्याचे यंत्र सोसेल असे वसतिगृह नव्हते, म्हणून त्याची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात करण्यात आली. हळूहळू तेथे आणखी असेच विद्यार्थी आले आणि रुग्णालयाच्या त्या मजल्याचा एक अड्डा झाला. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गप्पांतून त्यांनी जो सिद्धांत काढला तो असा की, स्वावलंबन म्हणजे स्वतःच्या हाताने सदरा घालणे नव्हे; कोणता सदरा घालावयाचा आणि तो घालून कोठे जावयाचे, हे स्वतः ठरवणे म्हणजे स्वावलंबन. सदरा घालून द्यावयास मदतनीस ठेवता येतो. आपल्या सांख्यांनी आंधळ्या-पांगळ्याची जोडी प्रकृती-पुरुषाच्या दृष्टान्तासाठी सांगितली. खांद्यावर बसलेला पांगळा वाट दाखवतो आणि आंधळा चालतो, आणि दोघेही मुक्कामाला पोचतात. त्या दृष्टान्तात पांगळ्याला ओझे म्हटलेले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९७१ मध्ये बर्कली नगरपालिकेने पादचारी मार्गांच्या कडा उतरत्या करण्याचे धोरण स्वीकारले. १९७२ मध्ये रॉबर्ट्स व त्याचे सहकारी यांच्या प्रयत्नांतून 'स्वतंत्र जीवन केंद्र' निघाले, ज्याचा कारभार अपंगांच्याच हाती होता. आणि १९७५ मध्ये रॉबर्ट्स कॅलिफोर्निया राज्याच्या पुनर्वसन खात्याचा प्रमुख झाला. याच खात्याने पूर्वी त्याला कामास अयोग्य म्हणून निकालात काढले होते. इतिहास कधी कधी असा विनोद करतो.

दोन वर्षांनी या हकीकतीतला सर्वांत गाजलेला प्रसंग घडला. सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही कामात अपंग म्हणून कोणाला वगळू नये, असे एक कलम १९७३ च्या कायद्यात होते. पण नियमांवर सही होत नव्हती. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी इमारतीत सुमारे दीडशे अपंग व त्यांचे साथीदार शिरले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तेथून हलले नाहीत. त्यांच्या पुढाऱ्यांत ज्युडिथ ह्यूमन ही होती. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला होता. तिच्या चाकाच्या खुर्चीमुळे आग लागल्यास धोका होईल असे सांगून एका शाळेने तिला लहानपणी दारातून परत पाठवले होते. इमारतीतील दूरध्वनी तोडले गेले, तेव्हा बहिऱ्या सत्याग्रहींनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप धाडले. कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेने रोज जेवण पोचवले. २८ एप्रिलला सही झाली. वॉर्म स्प्रिंग्जच्या कुंपणापासून हा प्रवास केवढा लांबचा होता, हे वाचकांनीच पाहावे.

येथे ही गोष्ट संपती तर ती सुखान्त ठरली असती. पण याच सुमारास या पिढीच्या आयुष्यात काहीतरी विलक्षण घडू लागले होते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी रोग संपला असे ज्यांना सांगण्यात आले होते, त्यांचे स्नायू पुन्हा दुबळे होऊ लागले. कधी रोगाने ग्रासलेले, तर कधी त्या वेळी धड राहिले असे वाटलेलेसुद्धा. दिवसाच्या मध्यावर अंगातले बळ एकाएकी सरून जाई. सांधे दुखत, थंडी सोसेना, काहींना रात्री श्वास अपुरा पडे. डॉक्टरांकडे जावे तर तपासणीत काही सापडत नसे आणि मनाचा खेळ म्हणून बोळवण होई. वास्तविक असे रुग्ण फ्रान्समध्ये रेमों याने १८७५ मध्येच नोंदवले होते. त्यांतला एक कातडी कमावण्याचे कष्टाचे काम करणारा १९ वर्षांचा तरुण होता. तान्हेपणी त्याचा पाय गेला होता आणि आता हात दुबळा होत होता. शार्को या थोर वैद्याने त्यावर भाष्यही केले होते. पण ते कागद शंभर वर्षे पडून राहिले.

ते पुन्हा बाहेर काढावयास लावले ते रुग्णांनीच. जिनी लॉरींच्या पत्रिकेकडे सारख्याच तक्रारींची पत्रे येऊ लागली. ती एकत्र वाचल्यावर हा योगायोग नव्हे हे स्पष्ट झाले. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी शिकागो येथे परिषद भरवली. १९८४ मध्ये वॉर्म स्प्रिंग्ज येथे संशोधकांची बैठक झाली. त्यांत पुढाकार घेणारे डॉ. लॉरो हॉलस्टेड हे स्वतः तरुणपणी पोलिओतून गेलेले. या अवस्थेला पोलिओपश्चात विकार असे नाव मिळाले. वाचलेल्यांपैकी साधारण पाव ते दोन-पंचमांश लोकांना तो गाठतो असा अंदाज आहे.

त्याचे कारण आपल्या एकत्र कुटुंबाच्या उदाहरणाने चटकन समजेल. समजा, पाच कमावत्या भावांपैकी तीन साथीत गेले. उरलेले दोघे त्यांच्या बायकामुलांना पोटाशी धरतात, दुप्पट राबतात, आणि घर उभे राहते. मज्जारज्जूतही असेच होते. मेलेल्या पेशींच्या अनाथ झालेल्या स्नायुतंतूंना वाचलेल्या पेशी नवे धुमारे फोडून आपल्याशी जोडून घेतात. मूल पुन्हा चालू लागते आणि सगळे म्हणतात, बरे झाले. पण एवढा मोठा संसार ओढून पेशी तीन-चार दशकांनी थकते. तिला सगळे धुमारे पोसवत नाहीत आणि एकेक आश्रित पुन्हा उघड्यावर पडतो.

या शोधाने शरीराला धक्का दिला त्याहून मोठा धक्का मनाला दिला. या पिढीला लहानपणापासून एकच मंत्र शिकवला होता : जिद्द धर, दुखले तरी चाल, कुबडी टाक, इतरांपेक्षा दुप्पट कर. त्या मंत्रावर त्यांनी शिक्षण घेतले, नोकऱ्या केल्या, संसार केले. आता डॉक्टर उलटेच सांगू लागले. विश्रांती घ्या, कामे वाटून घ्या, जिना टाळा, खुर्ची घ्या. पन्नाशीत पुन्हा चाकाच्या खुर्चीत बसणे म्हणजे चाळीस वर्षांची लढाई हरणे, असे अनेकांना वाटले. म्हणून कित्येकांनी खुर्ची नाकारली आणि त्याबरोबर बाजार, नाटक, लग्नसमारंभ, देऊळ हे सारे एकेक करून सोडून दिले. चालण्याचा मान राखण्यासाठी त्यांनी जाणेच बंद केले! उलट ज्यांनी खुर्ची घेतली त्यांतल्या अनेकांच्या ध्यानात आले की, घरी परतल्यावर आता अंगात थोडे बळ शिल्लक राहते आणि संध्याकाळी मित्रांकडे जाता येते. रूझवेल्टवर घातलेली जुनी अट त्यांनी स्वतःच्या मनातून काढून टाकली होती. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अपंगत्वाची नवी मांडणी स्वीकारली. तिच्यात शरीराच्या उणिवेबरोबर 'सहभाग' हे वेगळे माप ठेवले, आणि तो सहभाग भोवतालच्या परिस्थितीवरही अवलंबून असतो हे मान्य केले. पांगळ्यांनी पन्नास वर्षांत अनुभवाने जे ओळखले होते, त्याला शास्त्राची मोहोर मिळाली.

आता आपल्याकडे वळू. भारतात १९८० च्या आगेमागे दरवर्षी अदमासे दोन लाख मुले पोलिओने पांगळी होत होती. अमेरिकेतील रुग्ण सत्तरी-ऐंशीला पोचले आहेत किंवा गेले आहेत. आपल्याकडील बहुसंख्य आज तिशी ते पन्नाशीत आहेत. म्हणजे उशिराच्या परिणामांचा जो काळ त्यांनी १९८० नंतर पाहिला, त्यात आपली माणसे आत्ता शिरत आहेत. या साध्या हिशेबाकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही.

आपल्याकडे कामच झाले नाही असे मात्र नाही. मुलीला पोलिओ झाल्यावर उपचारांसाठी वणवण केलेल्या फातिमा इस्माईल यांनी इतर मुलांचीही तीच गत ओळखून १९४७ मध्ये मुंबईत पांगळ्या मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. हाजी अलीजवळचे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय हे त्या संस्थेचे काम. त्याच परिसरात १९५५ मध्ये भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. शस्त्रक्रिया, मालीश, व्यायाम, कॅलिपर यांच्या बळावर हजारो मुले उभी राहिली.

पण कॅलिपर लावून उभे राहिलेले मूल आपल्या घरात, आपल्या गावात वावरू लागले तेव्हा एक अडचण पुढे आली, जी परदेशी पुस्तकांत नव्हती. जुन्या कॅलिपरचे लोखंडी दांडे बुटाच्या टाचेत बसवलेले असत. बूट काढला की कॅलिपर निघाला आणि कॅलिपर निघाला की पाय गेला. आणि आपला सारा समाज तर बूट काढूनच सुरू होतो! देवळात जावयाचे तर पादत्राणे बाहेर. माजघरात, देवघरात, पंगतीत, कीर्तनाला, बारशाला, सर्वत्र पादत्राणे बाहेर. शिवाय सर्व व्यवहार जमिनीवर मांडी घालून. ताठ गुडघ्याच्या कॅलिपरने जमिनीवर बसणे कठीण आणि बसल्यावर उठणे त्याहून कठीण. साहजिकच ते मूल ओटीवर एका खुर्चीत बसून राही आणि त्याचे ताट तेथे नेऊन दिले जाई. कोणाच्या मनात दुष्टावा नसे, उलट मायाच असे. पण पंगत आत आणि मूल बाहेर ही स्थिती राहतेच. पुढे प्लास्टिकचे हलके कॅलिपर आले, त्यांवर हवे ते पादत्राण घालता-काढता येऊ लागले आणि हा पेच पुष्कळसा सुटला. पायाचे एक साधन बदलल्याने माणसाला देवघर आणि पंगत परत मिळावी, हे समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी टिपून ठेवण्यासारखे आहे.

आपल्या परंपरेने पांगळ्याला जागा दिली नव्हती असे नाही, पण ती ठरावीक होती. पहाटे देवाच्या नावाने दान मागणारा पांगूळ आपल्या लोकजीवनात होता आणि संतांनी त्याचे रूपक केले. दान घेणाऱ्याची जागा ती. पांगळ्याला डोंगर चढवणाऱ्या ईश्वरी कृपेचे स्तवन आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. पण पांगळ्यासाठी देवळाच्या पायरीशेजारी एक उतार बांधावा हे आपल्याला फार उशिरा सुचले. तीनचाकी सायकलींच्या वाटपाचे समारंभ होतात, हारतुरे होतात, छायाचित्रे निघतात. त्यात पांगूळ पुन्हा हात पसरून बसलेलाच दिसतो.

याला एक सुंदर अपवाद घडून गेला तो मात्र सांगितला पाहिजे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गावोगावी सार्वजनिक दूरध्वनीच्या टपऱ्या निघाल्या आणि त्या देताना अपंगांना अग्रक्रम मिळाला. नाक्यावरच्या त्या पिवळ्या टपरीत पोलिओ झालेला एखादा तरुण बसे. मुंबईतल्या मुलाशी बोलावयास म्हातारी त्याच्याकडे येई, निकाल विचारावयास विद्यार्थी येत, रात्री दर कमी झाल्यावर रांग लागे. गावाची सुखदुःखे त्याच्या समोरून जात आणि त्याच्यावाचून गावाचे अडे. त्याला कोणी बिचारा म्हणत नसे. पुढे घरोघर मोबाइल आले आणि टपऱ्या उठल्या. नवे यंत्र आणणाऱ्यांचा यात दोष नाही. पण टपरीबरोबर त्या माणसाची नाक्यावरची जागाही उठली, आणि तिच्या बदल्यात दुसरी कोणती द्यावयाची याचा विचार झाला नाही. दोन्ही बाजूंना जादा चाके लावलेल्या स्कूटरने काहींना फिरते ठेवले, तेवढेच. मुलींच्या वाट्याला तर टपरीही क्वचितच आली. पाय अधू असलेल्या मुलीचे शिक्षण आणि लग्न या दोन्ही दारांवर घरातूनच कडी लागत असे.

कायदे झाले. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखून ठेवल्या. २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या आणि सार्वजनिक इमारती व वाहने सर्वांना वापरता येतील अशी करण्याचे बंधन घातले. २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली, त्यांत हालचालींचे अपंगत्व असलेले सुमारे ५४ लाख. सरकारी भाषेत अपंगाचा 'दिव्यांग' झाला. शब्द गौरवाचा आहे. परंतु बसची पहिली पायरी होती तेवढीच उंच राहिली, तर त्या गौरवाचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर त्याला उत्तर द्यावे लागेल.

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यातील एका बालिकेला वन्य विषाणूमुळे पोलिओ झाला. वन्य विषाणूच्या पोलिओची भारतातील ती शेवटची रुग्ण. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. घरोघर हिंडून दोन थेंब पाजणाऱ्या लक्षावधी कार्यकर्त्यांचा हा विजय अलौकिक आहे. पण पोलिओमुक्त झाला तो देश. ज्यांना तो होऊन गेला ती माणसे मुक्त झालेली नाहीत. रोग दिसेनासा झाला की त्याची विद्याही लोपू लागते. आजच्या तरुण डॉक्टरांना पोलिओचा ताजा रुग्ण पाहावयास मिळत नाही, हे सुदैवच. परंतु पंचेचाळिशीची बाई येऊन सांगते की धड पायही आता थकतो, तेव्हा तिला अधिक व्यायाम करण्याचा उपदेश मिळाला, तर ते तिचे दुर्दैव ठरेल. तिला ऊर्जा जपून कशी वापरावी हे सांगणारे कोणी हवे, तळमजल्यावर बदली देणारी कचेरी हवी, आणि खुर्ची घेतली म्हणून हळहळ न करणारे शेजारी हवेत.

हावड्याची ती मुलगी आता वयात येत आहे. अंदाज धरला तर भारतातील पोलिओग्रस्तांची शेवटची पिढी या शतकाच्या उत्तरार्धातही हयात असेल. तेवढा काळ आपल्या हाती आहे. पाऊल किती उचलावयाचे याला शरीराने मर्यादा घातली आहे आणि ती वयाबरोबर वाढणार आहे. पायरीची उंची मात्र गवंडी ठरवतो, आणि गवंड्याला सांगणारे आपण असतो.